चाकोरीची बाजू

आपल्या वार्षिकाचे मागील अंक काढून बसले म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानात येते. दरवर्षी निदान एक लेख आणि दोनतीन कविता चाकोरीवर तुटून पडलेल्या असतात. चाकोरी मोडा, मळलेली वाट सोडा, चौकट झुगारा! निरोप समारंभातील भाषणांविषयी तर बोलायलाच नको. मी स्वतः एका वर्षी असे भाषण ठोकलेले आहे आणि त्याला टाळ्याही पडलेल्या आहेत. तेव्हा आज चाकोरीची वकिली करायला उभा राहताना हा कबुलीजबाब आधीच देऊन ठेवतो. म्हणजे कोणी चाणाक्ष विद्यार्थी जुना अंक घेऊन माझ्यावर धावून येणार नाही.

माझे मत कोणताही ग्रंथ वाचून बदलले नाही. ते बदलले नॉर्वेमधील एका जंगलात, एप्रिल महिन्यात, पायांना साडेसहा फुटी पट्ट्या अडकवून चार वेळा आपटल्यानंतर.

चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी रस्त्यात पाडलेला चर. ज्यांचे बालपण काळ्या मातीच्या गावात गेले त्यांना ती सांगायला नको. पावसाळ्यात चिखलात चाके रुततात, आणि दिवाळीनंतर तीच चाकोरी उन्हाने अशी दगडासारखी होते की गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल बिनचूक घरी आणून सोडतात. आमच्या लेखकांचा सगळा राग बहुधा त्या डुलकी घेणाऱ्या गाडीवानावर असावा. चाकोरीने त्यांचे काय वाकडे केले आहे, ते कोणी सांगत नाही.

एका अभ्यासवृत्तीच्या निमित्ताने मी ओस्लोत दोन हिवाळे काढले. शहराच्या उत्तरेला लागूनच नूरमार्का नावाचे अफाट जंगल आहे. स्प्रूस आणि पाइनचे वृक्ष, मधून मधून गोठलेली तळी आणि दलदलीची मोकळी मैदाने. गंमत अशी की, या जंगलात जायला शहराची लोकल गाडी पुरते. खाली फ्योर्डच्या काठी वसंत सुरू झालेला असतो, बागांतून पहिली फुले डोकावत असतात, आणि त्याच वेळी गाडीच्या डब्यात लोक स्की आणि काठ्या उभ्या धरून बसलेले असतात. शेवटचे स्थानक फ्रोग्नरसेतेरेन समुद्रसपाटीपासून सुमारे ४७० मीटर उंचीवर आहे. तेवढ्या चढणीने ऋतू बदलतो. खाली चिखल, वर बर्फ.

स्थानकापासून थोडे आत गेले की चाकोरी दिसते. हो, तिला दुसरा मराठी शब्दच नाही. रुंद सपाट केलेली बर्फाची वाट आणि तिच्या कडेला दोन समांतर खाचा, रुळांसारख्या, झाडांतून वळत वळत दूर गेलेल्या. एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर जेमतेम वीतभर, खोली दोन ते पाच सेंटिमीटर. स्पर्धांच्या नियमपुस्तकातही साधारण हीच मापे आहेत. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारे एक यंत्र संध्याकाळी वा रात्री जंगलातून फिरते. दिवसभरात खराब झालेला बर्फ ते दातांनी कुटून भुसभुशीत करते, सपाट दाबते, आणि मागे जोडलेला साचा त्यात या खाचा उठवीत जातो. मग थंडी आपले काम करते. दिवसा वितळून ओल्या झालेल्या बर्फकणांमधले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि कण एकमेकांना चिकटतात. आमच्याकडे चाकोरी उन्हाने पक्की होते, तिकडे गारठ्याने. एवढाच काय तो फरक.

या खेळाला आपण 'स्की' म्हणतो. नॉर्वेजियन माणूस मात्र त्याच शब्दाचा उच्चार 'शी' असा करतो. पहिल्या दिवशी सकाळी सातला एक सभ्य शेजारी दार ठोठावून अत्यंत उत्साहाने हा शब्द उच्चारतो, तेव्हा मराठी माणसाची काय अवस्था होते ते वाचकांनीच ताडावे. पण भाषेच्या प्राध्यापकांसाठी यात एक खाऊही आहे. मूळ जुना नॉर्स शब्द म्हणजे चिरलेल्या लाकडाची फळी, आणि त्याचे मूळ जिथे जाते तिथूनच आपला 'छिद्' धातूही आलेला आहे. छेद, छिद्र आणि स्की ही एका कुळातली भावंडे आहेत.

आता या खाचांतून चालायचे कसे? ज्याला 'क्लासिक' म्हणजे जुनी शैली म्हणतात, ती दिसायला चालण्यासारखीच असते. डावा पाय पुढे तर उजवा हात पुढे. पण प्रत्येक पावलामागे एक सरक असते. स्कीची पट्टी सरळ नसते, धनुष्यासारखी मधोमध किंचित उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखा भार असला तर मधला भाग बर्फाला टेकत नाही, आणि पट्टी घसरते. एका पायावर सगळा भार देऊन खाली रेटले की कमान दबते, मधला भाग बर्फाला लागतो, आणि तिथे लावलेले मेण क्षणभर बर्फाला धरते. त्या क्षणभराच्या पकडीवर माणूस स्वतःला पुढे लोटतो. धरणे आणि सोडणे, एवढेच सारे व्याकरण आहे. तेवढे जमायला मला एक हिवाळा लागला.

हिवाळ्यात हे मेण साधे असते, मेणबत्तीच्या कांडीसारखे. थंडीप्रमाणे हिरवे, निळे, जांभळे, तांबडे. पण एप्रिलमध्ये ते चालत नाही. वितळून गोठलेला, पुन्हा वितळून पुन्हा गोठलेला बर्फ म्हणजे बर्फ राहतच नाही. त्याचे खडीसाखरेसारखे कण होतात आणि ते कण मेण घासून काढतात. अशा वेळी लागते ते 'क्लिस्टर'. पेटेर ओस्तब्यू नावाच्या नॉर्वेजियन माणसाने १९१३ साली त्याचे पेटंट घेतले. ते काय आहे हे कोकणातल्या माणसाला एका वाक्यात सांगता येईल: नळीत भरलेला फणसाचा चीक. तो हाताला लागतो, हातमोज्याला लागतो, तिथून दाराच्या कडीला लागतो, आणि पाण्याने जात नाही. मी हाताला आधी गोडेतेल लावून पाहिले, आमच्या आजीच्या पद्धतीने. शेजारी बघत राहिला. दुसऱ्या रविवारी त्याच्या खिशातही छोटी तेलाची बाटली होती.

हे सारे इतक्या विस्ताराने सांगितले, कारण माझा मुद्दा या चिकात अडकलेला आहे.

पहिल्या वर्षी, ही सगळी विद्या येण्याआधी, मार्चअखेरच्या एका दुपारी मी नुसते बूट घालून जंगलात फिरायला गेलो. बाजूचा बर्फ मऊ होता, पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. खाचांची वाट त्या मानाने घट्ट. मी आपला त्या खाचांतूनच निघालो. मऊ पडलेल्या चाकोरीत प्रत्येक पावलाला वीतभर खड्डा पडत होता आणि मला त्याचे काही वाटत नव्हते. समोरून एक वृद्ध बाई स्कीवरून आल्या. थांबल्या, माझ्या बुटांकडे पाहिले, मग माझ्यामागे दूरवर गेलेल्या खड्ड्यांच्या रांगेकडे पाहिले. रागावल्या नाहीत. शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्हाला आता हे मऊ वाटते आहे. उद्या सकाळी इथे येऊन पाहा."

मी खरोखरच गेलो. रात्री यंत्र त्या वाटेला फिरकलेले नव्हते. माझी पावले तशीच होती, फक्त आता ती दगडाची झाली होती. त्या खाचांतून सरकत येणाऱ्याची पट्टी प्रत्येक खड्ड्याला अडखळत होती. मी तासभर तिथे उभा होतो. तेवढ्यात दोन मुले पडली आणि एक गृहस्थ पडता पडता सावरले. त्यांतल्या कोणालाच हे कोणाचे कर्तृत्व ते ठाऊक नव्हते. चाकोरी मोडणाऱ्या माणसाला तिची किंमत कधी मोजावी लागत नाही, ती मागून येणाऱ्याला मोजावी लागते, ही गोष्ट मला माझ्या त्या गाजलेल्या भाषणाच्या वेळी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. ते दुबळे नाही.

स्कीमध्येही चाकोरीबाहेर पडण्याची चळवळ झालेली आहे, आणि ती यशस्वी झालेली आहे. १९७० नंतरच्या दशकात फिनलंडचा पाउली सीतोनेन लांब पल्ल्याच्या शर्यतींत एक पाय खाचेत ठेवून दुसरा बाहेर तिरपा रेटू लागला. अमेरिकेच्या बिल कॉकने तीच युक्ती पुढे नेली आणि १९८२ साली विश्वचषक मालिका जिंकली. मग लोकांनी दोन्ही पाय खाचेबाहेर काढले आणि बर्फावर स्केटिंग करावे तसे धावू लागले. हे जुन्या शैलीपेक्षा वेगवान होते, याबद्दल वाद नाही. १९८५ मध्ये झेफेल्डच्या जागतिक स्पर्धेत तर जुनी शैली जवळजवळ बुडाली. पकडमेण नको, खाच नको. आंतरराष्ट्रीय संघटनेला तेव्हा ठरवावे लागले की आता काय करायचे. त्यांनी दोन वेगळे प्रकार केले. १९८७ ची जागतिक स्पर्धा आणि १९८८ चे कॅल्गरी ऑलिंपिक यांत ते प्रथम वेगवेगळे झाले. नव्या प्रकाराचे नाव ठेवले 'मुक्त शैली'.

मराठीच्या वर्गात बसलेल्या कोणालाही इथे मुक्तछंद आठवेल. मलाही आठवला, आणि मुक्तछंदाशी माझे भांडण नाही. पण नियमातली एक बारीक गोष्ट पाहा. मुक्त शैलीच्या शर्यतीत कोणी जुन्या शैलीने धावला तर त्याला आडकाठी नाही. जुन्या शैलीच्या शर्यतीत मात्र स्केटिंग केले तर बाद. काही तरुण मित्र याला पक्षपात म्हणतात. मी म्हणतो, हा पक्षपात नाही, नाजूक वस्तूला घातलेले कुंपण आहे. वेगाचा एकच निकष ठेवला असता तर चार वर्षांत जुनी शैली संग्रहालयात गेली असती. जे आपोआप टिकत नाही ते नियम करून टिकवावे लागते.

कुंपण घातले तरी धोका संपत नाही. स्वीडनची वासालोपेत ही ९० किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत १९२२ पासून चालू आहे आणि ती आजही जुन्या शैलीची म्हणवते. पण २०१० नंतरच्या दशकात तिथले आघाडीचे स्पर्धक पकडमेण लावीनासेच झाले. पाय खाचेत ठेवायचे आणि दोन्ही काठ्यांनी हातांच्या जोरावर स्वतःला ओढत न्यायचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नियमाला धरून, पण पायांचा रेटा गेला, तो धरण्या-सोडण्याचा खेळ गेला. संघटनेने मग काठीच्या लांबीवर मर्यादा घातली आणि काही शर्यतींत, काही टप्प्यांवर हा प्रकार वर्ज्य केला. वृत्तात मात्रा बरोबर बसाव्यात आणि कविता नसावी, असा हा प्रकार आहे. चाकोरीला खरा शत्रू बाहेर पडणारा नसतो, आत राहून तिचा अर्थ काढून घेणारा असतो, असे मला या बाबतीत वाटते. हे माझ्याच पक्षाविरुद्ध जाते, याची मला जाणीव आहे.

पण शर्यतींची गोष्ट मूठभरांची. माझा जीव अडकला आहे तो एप्रिलमधल्या साध्या जंगलवाटेत.

एप्रिलमध्ये प्रश्न असतो तो उरलेल्या बर्फाचा. मोकळी मैदाने आणि दक्षिणेकडचे उतार आधी उघडे पडतात. झाडांच्या दाट सावलीत वाट टिकून राहते, पण तिच्यावर सुया, साली, दगडफुलासारखा झाडांवरचा शेवाळी कचरा पडतो, आणि क्लिस्टर तो सगळा इमानेइतबारे गोळा करीत जाते. सकाळी वाट काचेसारखी, दहाअकराला उत्तम, दुपारी लापशी. अशा वेळी वाट राखणाऱ्यांपुढे निवड असते. स्केटिंगला तीन-चार मीटर रुंद पट्टा सपाट लागतो. खाचांच्या एका जोडीला मीटरभर जागा पुरते. बर्फ कमी उरला की माझ्या मते आधी खाचा वाचवाव्यात. रुंद पट्टा सोडून द्यावा. उरलेला बर्फ दोन्ही बाजूंनी ओढून मध्ये आणावा आणि एकच चाकोरी का होईना, शेवटपर्यंत न्यावी.

याला यंत्र चालवणाऱ्यांचा एक आक्षेप आहे आणि तो मला मान्य करावा लागतो. बर्फ फार पातळ झाला की खाचेचा साचा खाली मातीला टेकतो, खडे वर येतात, आणि मग ती वाट कोणाच्याच कामाची राहत नाही. त्यापेक्षा नुसती सपाट सोडलेली बरी. तेव्हा 'शेवटपर्यंत' म्हणजे नेमके कुठपर्यंत, हे यंत्रावर बसलेल्या माणसाने ठरवावे. ओस्लोच्या सभागृहात बसून ते ठरू नये, आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या वार्षिकात तर नाहीच नाही.

तरी पण खाचांचा आग्रह मी सोडत नाही, आणि त्याचे कारण वेगाशी संबंधित नाही. स्केटिंगला तोल लागतो, दम लागतो, तारुण्य लागते. खाचेत पाच वर्षांचे मूल उभे राहते आणि ऐंशीच्या आजीबाईही. पट्टी इकडेतिकडे जात नाही, कारण खाच तिला धरून असते. वयाच्या चाळिशीत, आयुष्यात कधी बर्फ न पाहिलेला माझ्यासारखा माणूस जंगलात बारा किलोमीटर आत जाऊन परत येऊ शकला, तो केवळ त्या दोन खाचांमुळे. ज्याला आपण बंधन म्हणतो, ते माझ्या बाबतीत प्रवेशपत्र होते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांना आखून दिलेला अभ्यासक्रम का हवा असतो आणि 'स्वतःची वाट शोधा' या उपदेशाने ते का गांगरतात, हे मला तिथे थोडेसे उमगले. ज्याच्या घरी वाट आधीच आहे, त्यालाच ती सोडण्याची चैन परवडते.

आणि ही चाकोरी आपोआप पडत नाही. ओस्लोभोवतालच्या जंगलातील वाटा राखणाऱ्यांत मुख्य आहे १८८३ साली स्थापन झालेली एक संस्था. सभासद वर्गणी भरतात. वाटांवर मात्र कोणीही, वर्गणी भरलेला असो वा नसो, फुकट फिरतो. जंगलात कोणालाही हिंडण्याचा हक्क १९५७ च्या कायद्याने मान्य केला आहे. त्या कायद्यानुसार शेतजमिनीवरूनही हिवाळ्यात जाता येते, जमीन गोठलेली वा बर्फाने झाकलेली असेल तर. ३० एप्रिलला ती मुभा संपते. शहराने जंगल गिळू नये म्हणून २००९ साली ओस्लोच्या जंगलासाठी वेगळा कायदा झाला. म्हणजे त्या दोन खाचांमागे वर्गणी आहे, कायदा आहे, आणि रात्री अकरा वाजता यंत्रावर एकटा बसलेला एक माणूस आहे.

नान्सेनचे नाव घेऊन कोणी मला अडवील. फ्रिट्योफ नान्सेनने १८८८ साली स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले तेव्हा कुठे होती चाकोरी? नव्हती. पण तिथे त्यांच्यामागून येणारेही कोणी नव्हते. सहाजण स्वतःच पुढे होते आणि स्वतःच मागे. जिथे रोज हजारो माणसे येतात त्या जंगलात प्रत्येकजण नान्सेन व्हायला निघाला तर संध्याकाळपर्यंत बर्फाचे काय होईल ते मी माझ्या बुटांनी दाखवलेले आहे.

तिथल्या ईस्टरच्या सुट्टीतही एक चाकोरी आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लोक जंगलातल्या किंवा डोंगरातल्या लाकडी झोपडीत जातात. पिशवीत संत्री आणि १९३७ पासून मिळणारे एक ठराविक चॉकलेट. दिवसा स्की, रात्री रहस्यकथा. खुनाच्याच, बरे का. ही प्रथा १९२३ सालची. नूर्दाल ग्रीग आणि निल्स ली या दोघा तरुणांनी टोपणनावाने एक आगगाडी लुटीची कादंबरी लिहिली, आणि प्रकाशकाने तिचे नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असे छापून घेतले की अनेकांना खरोखरच बर्गेनची गाडी लुटली गेली असे वाटले. तेव्हापासून नॉर्वेत ईस्टरला रहस्यकथा वाचतात. याला मेंढरासारखे वागणे म्हणावे काय? मग पंढरीची वाट दरवर्षी तीच, मुक्काम तेच, रिंगणही ठरलेल्याच गावी, त्याला आपण काय म्हणतो?

दुसऱ्या वर्षीचा माझा शेवटचा फेरा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातला. सकाळी साडेसहाला वर पोहोचलो. रात्री उणे चार होते, वाट काचेसारखी. एका दलदलीच्या मैदानाशी चाकोरी तुटली. पुढे चाळीसएक पावले गवत, चिखल आणि बर्फाखालून नुकतीच वर आलेली निळ्या बेरीची झुडपे, पलीकडे झाडीत पुन्हा त्या दोन खाचा. माझ्यापुढे असलेल्या बाईंनी स्की काढल्या, खांद्यावर घेतल्या, झुडपांतून पाय जपून टाकीत पलीकडे गेल्या, बुटाच्या तळाचा चिखल काठीच्या टोकाने खरवडला आणि पुन्हा खाचेत उभ्या राहिल्या. गेल्या वर्षीच्या त्याच की काय, हे टोपीमुळे कळेना. त्यांनी वळून माझ्या पायांकडे पाहिले. मी स्की काढून हातात घेतल्या होत्या. "अकराच्या आत परत फिरा," त्या म्हणाल्या, "नंतर हे सगळे पाणी होते." आणि झाडीत दिसेनाशा झाल्या.

मी साडेदहाला परतलो.